हत्यार खरं, चेहरा उसना

कंपनी सरकारच्या काळात मुर्शिदाबाद आणि तिरुचिरापल्ली इथले चित्रकार अभ्रकाच्या पत्र्यांवर चित्रं रंगवून साहेबलोकांना विकत. त्यातले काही संच फार मजेशीर असत. संचात एक जाड कागद आणि त्यावर रंगवलेला एक चेहरा. बाकीचे सगळे पत्रे पारदर्शक. प्रत्येकावर अंगरखा, पागोटं, हातातलं हत्यार, सगळं काही, फक्त चेहऱ्याची जागा कोरी. पत्रा कागदावर ठेवला की खालचा चेहरा बरोबर त्या जागी दिसे. एक पत्रा ठेवावा, भिस्ती तयार. तो उचलून दुसरा ठेवावा, तोच माणूस न्हावी झाला. तिसऱ्याखाली तोच बैरागी. विलायतेतल्या दिवाणखान्यात पाहुण्यांची करमणूक व्हायची आणि हिंदुस्थानातली माणसं पाहून झाली असं समाधानही मिळायचं.

या करमणुकीत चित्रकाराची काही लबाडी नव्हती. गिऱ्हाइकाला धंदा पाहायचा होता, माणूस नव्हे. त्यामुळे चित्रकार आपली सारी हुशारी हत्यारावर खर्च करी. पखालीचं तोंड कुठल्या हाताला येतं, वस्तरा कसा धरतात, तराजूची दोरी कुठल्या बोटात अडकवतात, हे तो चुकवत नसे. चेहरा कुणाचाही चाले. धंद्यांच्या अशा चित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला आजही विकल्या जातात, भिंतींवर लागतात. त्या पाहताना हा हिशेब डोक्यात ठेवलेला बरा.

या प्रकारातली फार गाजलेली चित्रं चीनमधली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत नेमणुकीवर असलेला जॉर्ज हेन्री मेसन हा इंग्रज लष्करी अधिकारी प्रकृती सुधारावी म्हणून कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, जाऊन राहिला. तिथे त्याने रस्त्यावरच्या धंदेवाल्यांची चित्रं विकत घेतली. १८०० साली लंडनमध्ये त्यांचा 'द कॉस्च्यूम ऑफ चायना' हा ग्रंथ निघाला. त्यात साठ रंगीत चित्रं आणि प्रत्येकाला इंग्रजी-फ्रेंच टिपण होतं. बेडूक पकडणारा, साप विकणारा, कंदील रंगवणारा, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा, फुटलेली चिनी माती सांधणारा, न्हावी. चित्रांखाली कँटनच्या पू क्वा या चित्रकाराचं नाव आहे. पण लंडनच्या ग्रंथात पू क्वाच्या हातची एक रेघही नाही. त्याच्या चित्रांवरून लंडनच्या कारागिराने तांब्याचे पत्रे कोरले, ते छापले आणि छापील पानं मग हाताने रंगवली गेली. म्हणजे हा गाजलेला ग्रंथच मुळात नक्कल होता. पू क्वाने काढलेलं चित्रही त्याच्या दुकानात अनेक वेळा निघालेलं असणार, कारण तिथला धंदाच तो होता.

त्या धंद्यामागे एक मनाई होती. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्यांचा चीनशी सागरी व्यापार कँटन या एकाच बंदरातून चाले. परदेशी व्यापाऱ्यांनी नदीकाठच्या वखारींत राहायचं, तटबंदीच्या आत पाऊल टाकायचं नाही, बायकामुलांना आणायचं नाही, हंगाम संपला की निघायचं. शहर हाकेच्या अंतरावर, पण ते बघता येत नाही. मग वखारींच्या मधल्या गल्ल्यांमधल्या चित्रकारांनी शहरच कागदावर काढून विकायला ठेवलं. न्हाव्यापासून भविष्यवेत्त्यापर्यंत सगळे बारा-बारा पानांच्या संचांत बांधून मिळत. चीनमध्ये धंदे तीनशे साठ असं म्हणायची जुनी रीत आहे. अमेरिकेतल्या सेलम गावच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयात कँटनच्या धंदेचित्रांचा मोठा संग्रह आहे. तो पाहिला की तीनशे साठ हा आकडा अगदीच हवेतला नव्हता असं वाटायला लागतं.

दुकानातली कामाची रीत पाहण्याजोगी होती. लामक्वा हा तिथला नावाजलेला चित्रकार. त्याच्या माडीवर आठ-दहा माणसं बाह्या सावरून, लांब वेण्या डोक्याभोवती गुंडाळून ओळीने रंगवायला बसलेली असत, असं १८३०च्या दशकात तिथे गेलेल्या एका इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवलं आहे. कामाची वाटणी ठरलेली होती. बाह्यरेषा आधीच तयार असे, कधी ठशाने छापलेली, कधी खालच्या नमुन्यावरून गिरवलेली. चित्रं पुष्कळदा एका झुडपाच्या गाभ्यावर काढत. खोडातला पांढरा भेंड काढायचा, तो फिरवत फिरवत धारदार पात्याने सोलायचा, मग त्याचा पातळ, मखमली पत्रा निघतो. पत्रा फार मोठा होत नाही, म्हणून चित्रंही हातभराच्या आतलीच. पत्रा अर्धपारदर्शक असल्याने नमुना खाली धरून गिरवणं सोपं. जाड रंग त्यावर उठून बसतो आणि उजेडात चमकतो. चेहऱ्याला कधी मागच्या बाजूने रंग देत, म्हणजे कातडीचा रंग मऊ दिसे. असं चित्र फार ठिसूळ असतं. ओलाव्याने पत्रा फुगतो, कोरडा झाला की आकसतो आणि कडांना घट्ट चिकटवलेला असला तर मधोमध फाटतो. जुन्या संचांमधली कितीतरी चित्रं अशीच उभी चिरलेली आहेत.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटेल. पण कँटनच्या वखारींत मुंबईची माणसं होतीच. पश्चिम भारतातला कापूस आणि माळव्याची अफू तिकडे जाई, तिकडून चहा, रेशीम, चिनी माती येई. काचेवर उलट्या बाजूने रंगवलेली कँटनची चित्रं हिंदुस्थानी गिऱ्हाइकांसाठी, हिंदुस्थानी देव आणि हिंदुस्थानी बायका काढून, जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरत. जमशेटजी जीजीभाईंनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं, तेव्हा जहाजावर डॉक्टर म्हणून असलेल्या विल्यम जार्डिनशी त्यांची ओळख झाली, आणि पुढे त्या दोघांच्या अफू-कापसाच्या व्यवहारातून अफाट पैसा उभा राहिला. त्यातल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत चित्रकलेची शाळा सुरू झाली. आपण तिला जे. जे. म्हणतो. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या चित्रकाराची वाट या शाळेतून जाते, आणि शाळेच्या पायात कँटनच्या बंदरात मिळवलेला पैसा आहे. अफूचा पैसा म्हणून नाक मुरडावं की शाळा उभी राहिली म्हणून समाधान मानावं, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दोन्ही एकदम वाटतं.

जे. जे. मध्ये शिकवण्याचा पायाच नक्कल हा होता. आधी प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून रेखाटन, मग पुढचं सगळं. शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामाहंगामाने विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला कॅनव्हासवर उतरवत राहिले. त्यांच्या आधी मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून हेच करत होता. त्याच्या बहुतेक नकला १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरलेल्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांतल्या काहींत असे तुकडे आहेत जे मूळ भिंतीवर आता दिसत नाहीत. मात्र रंग स्पष्ट दिसावेत म्हणून त्या काळात भिंतींवर वॉर्निश फासलं गेलं. पुढे तेच पिवळं पडून चित्रांना बाधलं. नकलेने मूळ वाचवलं आणि नकलेसाठीच मूळ बिघडवलं, या दोन्ही गोष्टी एकाच मोहिमेत घडल्या.

नकलेला ज्याने मनापासून मान दिला असा संस्थानिक आपल्याकडे होऊन गेला. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे औंधचे बाळासाहेब. १९०९ मध्ये गादीवर आले. औंध संस्थान उणंपुरं बहात्तर गावांचं, तेही एका जागी नाही. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर त्याच संस्थानातले आटपाडी आणि कुंडल आज सांगलीत. बाळासाहेब सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध आहेत, १९३९ च्या औंधच्या राज्यघटनेसाठीही. पण ते स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत आणि संस्थानच्या तुटपुंज्या उत्पन्नातून चित्रकारांना, शिल्पकारांना पोसत. मूळपीठाच्या डोंगरावर, यमाईच्या देवळाच्या वाटेवर १९३८ मध्ये उघडलेलं श्री भवानी संग्रहालय ही त्यांची मिळकत. तिथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं एक दगडी शिल्पही आहे, आणि युरोपातल्या नामांकित चित्रांच्या हाताने केलेल्या नकलाही. शहरातला कलासमीक्षक त्या नकलांपुढून भरभर निघून जातो. माणदेशातल्या माणसाला मात्र विलायतेला न जाता ती चित्रं त्यांच्या रंगांत बघायची दुसरी सोयच नव्हती. छापील रंगीत चित्रं तेव्हा कितीशी होती?

बाळासाहेबांचं नक्कलप्रेम आणखी एका मोठ्या कामात दिसतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिच्यासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि चित्रंही स्वतः काढली. आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादक सुकथनकरांच्या नावाबरोबर बाळासाहेबांचंही नाव आहे, आणि चित्रं प्राचीन नमुन्यांवरून काढली आहेत असा स्पष्ट उल्लेख आहे. भीमाभोवती रविवर्म्याच्या पद्धतीची नऊवारी-शालूतली मंडळी त्यांना नको होती. त्या काळचे कपडे, दागिने, रथ कसे असतील ते जुन्या शिल्पांतून आणि अजिंठ्याच्या भिंतींवरून उचलायचे होते. त्यासाठी माणसाला वेरूळ-अजिंठा माहीत असावा लागतो. बाळासाहेबांनी वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये स्वतंत्र पुस्तकं लिहिली आहेत. कँटनचा कारागीर नमुना खाली धरून गिरवत होता. औंधचा राजाही गिरवतच होता, फक्त त्याचा नमुना दीड-दोन हजार वर्षं जुना होता. मला यात लहानमोठं काही वाटत नाही.

मग आपल्याकडच्या धंद्यांची चित्रं कुणी काढली? पुण्यात रेसिडेंट मॅलेटच्या पदरी १७९०च्या दशकात गंगाराम तांबट होता. त्याने वेरूळच्या लेण्यांपासून पेशव्यांच्या गेंड्यापर्यंत कायकाय काढलं. लेखक रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांनी जे. जे. मध्ये शिकवत असताना १८७० च्या सुमारास कारागिरांची पेन्सिल-शाईची रेखाटनं केली. माणूस समोर बसवून, त्याच्या पाठीचा बाक आणि पायाच्या बोटांची पकड बघून काढलेली ती चित्रं आहेत. नमुन्यावरून गिरवलेली नाहीत. विल्यम जॉन्सनने तर कॅमेरा वापरला. त्याच्या मुंबईच्या रहिवाशांवरच्या १८६३ आणि १८६६ मधल्या खंडांत स्टुडिओत काढलेली माणसं कापून दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवलेली आहेत. अभ्रकाच्या संचात चेहरा उसना होता, इथे जमीन उसनी.

सगळ्यात जिवंत काम धुरंधरांचं. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मले, १८९० मध्ये जे. जे. मध्ये आले आणि विद्यार्थी, मग शिक्षक असे एक्केचाळीस वर्षं तिथेच राहिले. 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची पोस्टकार्डं त्यांनी काढली, आणि १९१२ मध्ये एडवर्ड्स यांच्या मुंबईवरच्या पुस्तकासाठी चित्रं केली. धुरंधरांची माणसं चालताना दिसतात. कुणी मान वळवून बघतं, कुणाचा पदर घसरलेला असतो, कुणी मिश्कील असतं. पोस्टकार्ड हाही विकण्याचाच माल, तोही मुख्यतः परक्यांसाठी, आणि छापून हजारोंनी निघणारा. तरीही चेहरा उसना वाटत नाही, कारण काढणारा त्याच गर्दीतून रोज जात होता. गिऱ्हाईक परकं असलं तर चित्र खोटं होतंच, असा नियम करता येत नाही.

पण धुरंधरांचं शहर मुंबई. सातारा-सांगलीच्या गावांमधल्या धंद्यांचा असा रंगीत संच मात्र प्रसिद्ध नाही. त्याचं एक कारण गावाच्या रचनेतच आहे. कँटनचा न्हावी खांद्यावर कावड घेऊन फिरे, एका टोकाला चूल आणि गरम पाणी, दुसऱ्याला बसायचं स्टूल, आणि रस्त्यात गिऱ्हाईक शोधे. आपल्या गावातल्या न्हाव्याला गिऱ्हाईक शोधायचं नव्हतं. तो बलुतेदार. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, गुरव, जोशी हे सारे बलुतेदार. कुठे कोळी, कुठे तेली, कुठे सोनार धरून बारा पुरे करत. महार-मांगही त्यात होते, त्यांच्या वाट्याला मान सोडून बाकी सगळी कामं. घरं ठरलेली, काम ठरलेलं, आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा. ज्याचं गिऱ्हाईक वतनाने बांधलेलं, तो कशाला ओरडेल? आणि जो ओरडत नाही, गल्लीतून फिरत नाही, तो येणाऱ्या-जाणाऱ्या परक्याला दिसतही नाही.

ओरडायचे ते फिरस्ते. कल्हईवाला भाता आणि कथील घेऊन यायचा. भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवायची, आणि काळं पातेलं आतून चांदीसारखं. जात्या-पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका हाक मारत यायच्या. पिंजाऱ्याच्या धुनकीची तार वाजली की हाकेची गरजच नसे. नंदीबैलवाल्याचा ढोल गुबुगुबु करी. घिसाड्याचं बिऱ्हाड गावाबाहेर पडे आणि नवऱ्याच्या हातात सांडशी, बायकोच्या हातात घण, असा विळ्या-खुरप्यांचा कारखाना झाडाखाली सुरू होई. पेकिंगमध्येही हेच होतं. तिथला न्हावी लोखंडी चिमट्याच्या दोन पात्यांतून सळई ओढून लांबवर घुमणारा आवाज काढी. धार लावणारा लोखंडी पट्ट्या वाजवी, तेलवाला लाकडी ठोकळा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झोऊ पेइचुन नावाच्या चित्रकाराचं तिथलं दुकान परक्यांना धंदेवाल्यांच्या चित्रांच्या वह्या पुरवी. पुढे १९३६ मध्ये सॅम्युएल कॉन्स्टंट या अमेरिकन अधिकाऱ्याने पेकिंगच्या फेरीवाल्यांच्या हाका, वाद्यं आणि माल यांवर पुस्तकच लिहिलं. चित्रात आवाज उतरत नाही, हे ओळखून त्याने तो लिहून ठेवला. आपल्या कल्हईवाल्याची हाक कुणी अशी सुरासह लिहून ठेवायला हवी होती.

आपल्याकडे चित्राऐवजी यादी झाली. १८८५ मध्ये सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं साताऱ्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. गॅझेटिअरात जातवार माणसं आहेत, त्यांचे धंदे, कपडे, घरं, खाणंपिणं. वाचताना वाटतं, कुणीतरी अभ्रकाचे पत्रे शब्दांत भरले आहेत. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गांव-गाडा' आलं. बलुतेदार आणि फिरस्ते यांच्याविषयी त्यात जितका बारीक तपशील आहे तितका मराठीत आधी नव्हता. पण फिरस्त्यांविषयी आत्र्यांचा सूर कडक आहे. कुणब्याच्या खळ्यावर किती हात पसरतात, याचा हिशेब मांडणाऱ्या अंमलदाराचा तो सूर. पुस्तक अजून वाचावं असं आहे, सुरासकट.

या याद्यांचा दुसरा उपयोगही झाला, आणि तो करमणुकीचा नव्हता. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई-मद्रास इलाख्यांतही लागू करता आला. फिरणारा माणूस हा धंदेवाला न राहता संशयित झाला. हजेरी, परवाना, काटेरी तारांची वसाहत. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत ते चाललं. ज्या टोपलीवाल्या कैकाड्याचं चित्र कुणाच्या दिवाणखान्यात शोभून दिसलं असतं, त्याचंच नाव पोलीस पाटलाच्या वहीत होतं. पोलिसाचं वर्णन आणि चित्रकाराचं वर्णन, दोन्हींत धंद्यावरून माणूस ठरवला जातो.

त्या चित्रातला माणूस पुढे साताऱ्यातच बोलला. फलटण तालुक्यातल्या कैकाडी कुटुंबात जन्मलेल्या लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. बुरूड बांबूचं काम करतो, कैकाडी झुडपांच्या लवचीक फोकांचं. गाढवांवर बिऱ्हाड, गावाबाहेर पालं, फोक आणायला गेलं की मालकाच्या शिव्या. धंदेचित्राच्या चौकटीत फोक कशी वळते ते दिसलं असतं. ती तोडताना पाठीवर काय बसतं, ते चौकटीबाहेर राहिलं असतं. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' आलं. ते आटपाडीकडच्या माडगूळचे, म्हणजे औंध संस्थानातलेच. त्यांना चित्रकलेची ओढ होती आणि ते रेखाटनं करत. मला त्यांच्या व्यक्तिचित्रांत चित्रकाराची नजर सतत जाणवते. फरक इतकाच की इथे प्रत्येक माणसाला नाव आहे आणि दोन माणसांचे चेहरे अदलाबदल करून चालत नाहीत.

धंद्यांच्या संचात आणखी एक खोट असते. त्यात धंदा थिजतो. कँटनच्या नकला आज काढल्या तरी न्हाव्यासमोर बसलेल्या गिऱ्हाइकाला वेणी असते, कपाळ तासलेलं असतं. वेणी १९११ च्या क्रांतीबरोबर गेली. आता चीनमध्येच शेनझेनजवळच्या दाफेन या गावात हाताने रंगवलेल्या तैलचित्रांच्या नकलांचा मोठा उद्योग आहे. १९८९ मध्ये एक हाँगकाँगचा व्यापारी काही चित्रकार घेऊन तिथे आला, तिथून तो वाढला. व्हॅन गॉगची सूर्यफुलं तिथे घाऊक निघतात. लामक्वाच्या माडीवरचा कारागीर तिथे बसता तर त्याला काम शिकवावं लागलं नसतं.

मिरजेच्या शिकलगारांचं उदाहरण घ्या. कुठल्याही जुन्या धंदेचित्रात शिकलगार म्हणजे फिरत्या चाकावर तलवार टेकवून ठिणग्या उडवणारा माणूस. तलवारी गेल्यावर चित्रातला शिकलगार तिथेच बसून राहिला. मिरजेतल्या शिकलगारांनी मात्र एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे करायला घेतले. धातूला धार देणारे हात भोपळ्यावर, लाकडावर, तारेच्या घोडीवर बसले. तंबोऱ्याला जवारी लावताना घोडी कानसून ती दोरा घालून पुन्हा पुन्हा तपासायची असते. तो बारकावा ज्याला जमतो त्याच्याकडे गवई रांग लावतात. त्या घराण्यांची आडनावं आता सतारमेकर आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि ज्याचा पत्रा कुठल्याच संचात नाही असा धंदा खानापूर-आटपाडीकडे आहे, गलाईचा. पाऊस नाही, शेती नाही, म्हणून विट्याच्या आसपासची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामाला बाहेर पडली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली. बाजाराच्या मागच्या बोळात दहा बाय दहाची खोली, मूस, भट्टी, चिमटा, तेजाबाची बरणी, आणि सराफांच्या दुकानांतून आलेली जुनी मोड. तिथे गलाईवाला तमिळ बोलतो किंवा बंगाली, आणि गावच्या जत्रेला विट्याकडे येतो. कँटनच्या चित्रकाराला हे काम दिलं असतं तर मुशीचा आकार आणि चिमट्याची लांबी त्याने बिनचूक काढली असती. चेहऱ्यासाठी मात्र त्याला खानापूर तालुक्यात यावं लागलं असतं.